‘टेफ्लॉनचं गॅस्केट द्या’ एवढंच सांगू नका

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचं गॅस्केट, म्हणजे पाइपच्या जोडात दाबून बसणारी, गळती अडवणारी चकती, कापायचं युनिट आहे. फोनवरच्या ऑर्डरी बहुतेक एकाच साच्यातल्या असतात: “ताई, दोन इंची टेफ्लॉन गॅस्केट, शंभर नग, संध्याकाळपर्यंत.” मी विचारते, कुठल्या फ्लँजला (पाइपच्या टोकाची, बोल्ट लावून जोडायची कड)? पलीकडून उत्तर येतं, “ॲसिड आहे.” ॲसिडचं मी विचारलेलंच नसतं.

टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, १९३८ साली अमेरिकेत ड्युपाँच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना योगायोगानेच सापडलं. त्याची ख्याती एकच, की याला काही खात नाही. ते खरंही आहे. वितळलेल्या सोडियमसारखे अल्कली धातू, तापलेला फ्लोरिन वायू असे मोजके अपवाद सोडले, तर ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत ड्रममधून येणारं बहुतेक काहीही टेफ्लॉनचं वाकडं करू शकत नाही. तरीही ही गॅस्केट गळतात, कारण दाबाखाली टेफ्लॉन हळूहळू पसरत जातं. याला कोल्ड फ्लो म्हणतात. आज बोल्ट आवळले की उद्यापर्यंत गॅस्केट किंचित पातळ झालेलं असतं, बोल्टचा ताण उतरतो आणि फ्लँजच्या कडेला थेंब दिसतो. गरम लाइनवर हे आणखी लवकर होतं.

म्हणून मी आधी फ्लँज विचारते. फ्लँज स्टीलचा आहे, की ग्लास लाइन (आतून काचेचा थर दिलेल्या) रिअॅक्टरचा, की एफआरपीचा (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचा)? फेस, म्हणजे गॅस्केट टेकतं तो पृष्ठभाग, सपाट आहे का, खड्डे पडलेत का? बोल्ट किती? दोन इंची १५० क्लासला (क्लास म्हणजे फ्लँजची प्रेशर झेलायची श्रेणी) चार बोल्ट येतात आणि रेज्ड फेसचं, म्हणजे मध्ये उंच फेस असलेल्या फ्लँजचं, गॅस्केट ६० एमएम आयडी (आतला व्यास), १०५ ओडी (बाहेरचा व्यास) असतं. ३०० क्लासला आठ बोल्ट आणि ओडी १११. क्लास माहीत नसेल तर बोल्ट मोजून सांगा, चालेल.

स्टीलचा चांगला फ्लँज असेल तर जाडी १.५ एमएम घ्या. तीन एमएम मागणाऱ्यांना वाटतं, जाड म्हणजे मजबूत. टेफ्लॉनच्या बाबतीत उलटं आहे. जाड गॅस्केटमध्ये पसरायला माल जास्त, आणि आतल्या प्रेशरला ढकलायला कडही जास्त. तीन एमएम लागतं ते फेस खराब किंवा वाकडा असेल तेव्हा.

साधं पांढरं व्हर्जिन (काहीही न मिसळलेलं) टेफ्लॉन फार्माच्या स्वच्छ, कमी तापमानाच्या लाइनला उत्तम. तापमान शंभरच्या आसपास जायला लागलं की मी व्हर्जिन सोडून फिलर (टेफ्लॉनमध्ये मिसळलेली काच, कार्बन अशी भर) घातलेल्या शीटकडे वळते. केमिकलचा प्रश्न खरं तर इथे सुरू होतो, कारण टेफ्लॉन टिकलं तरी त्यातलं फिलर टिकेलच असं नाही. ग्लास फिल्ड सगळीकडे मिळतं, पण हायड्रोफ्लोरिक ॲसिड (एचएफ) आणि गरम कडक कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) काचेला खातात. कार्बन फिल्ड कडक नायट्रिकसारख्या ऑक्सिडायझरला नको. ब्राँझ फिल्ड बेअरिंगसाठी असतं, ते ॲसिडच्या लाइनला कुणी देत असेल तर दुकान बदला.

यापेक्षा वरचा माल म्हणजे दोन्ही दिशांनी रोल करून बनवलेल्या शीट. त्यांचा कोल्ड फ्लो खूपच कमी असतो. सिलिकावाली ॲसिडला (एचएफ सोडून), बेरियम सल्फेटवाली कॉस्टिकला आणि पोकळ काचेच्या बारीक गोळ्यांची मऊ शीट कमी बोल्ट-ताणाच्या फ्लँजला. बऱ्याच कंपन्यांच्या मालात पहिली बदामी, दुसरी मळकट पांढरी आणि तिसरी निळी येते. तरी रंगावर जाऊ नका, डेटाशीट मागा.

आमच्या भागात सगळ्यात जास्त डोकेदुखी ग्लास लाइन रिअॅक्टरची. भट्टीत भाजताना नोझलचा (रिअॅक्टरच्या पाइप जोडायच्या तोंडाचा) फेस थोडा लहरी होतो, अगदी सपाट कधीच नसतो. मॅनहोल जितकं मोठं तितका हा प्रकार जास्त. आणि स्टीलसारखं दणकून आवळता येत नाही, कारण काच तडकली की रिअॅक्टर परत लायनिंगला पाठवायचा आणि बॅच बंद. म्हणजे कमी ताणात वाकडा फेस सील करायचा. कडक शीट इथे उपयोगाची नाही. इथे एन्व्हलप गॅस्केट बसतं: बाहेर टेफ्लॉनचं पातळ कव्हर, आत दाबलं जाणारं इन्सर्ट. केमिकल कव्हर अडवतं आणि दाब इन्सर्ट घेतं, म्हणून इन्सर्ट कशाचं आहे ते विचारा. रबराचं मऊ असतं पण जास्त तापमानाला चालत नाही. बसवण्याआधी फीलर गेजने (फटीत घालून तिची जाडी मोजायच्या पातळ पट्ट्या) फेसभोवतीचा गॅप तपासा. गॅप एकाच बाजूला जास्त असेल तर तिथे इन्सर्ट जाड करून देता येतं, पण ते ऑर्डरच्या वेळीच सांगायला हवं. रिअॅक्टरला व्हॅक्यूम लागत असेल तर तेही सांगा, कव्हर आत ओढलं जाऊन दुमडू शकतं.

दुसरा पर्याय एक्स्पांडेड पीटीएफई. टेफ्लॉन ताणून स्पंजसारखं मऊ केलेलं असतं, लहरी फेसवर छान बसतं. टेप स्वरूपातही मिळतं, मोठ्या मॅनहोलला सोयीचं पडतं. टेपची दोन्ही टोकं तिरकी कापून एकमेकांवर चढवा, आणि ती जागा बोल्टजवळ ठेवा, दोन बोल्टच्या मध्ये नको. मागचा गम फक्त जागेवर धरायला असतो. स्टायरीन, ब्युटाडाइनसारखा मोनोमर (ज्याचे रेणू एकमेकांना जोडून प्लास्टिक-रबर बनतं) असेल तर मात्र एक्स्पांडेड टाळा. तो छिद्रांत शिरून आतच पॉलिमर होतो आणि गॅस्केट फुगून फाटतं.

एफआरपी आणि पीपी (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक) लाइनला मी बरेचदा टेफ्लॉन विकतच नाही. केमिकल चालत असेल तर साधं ईपीडीएम रबर फुल फेसमध्ये (बोल्टच्या भोकांसकट पूर्ण फ्लँज झाकणारं) घ्या, स्वस्तही पडतं आणि फ्लँजही तडकत नाही.

आणखी एका ठिकाणी मी स्वतःहून नाही म्हणते. रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटला (गरम-थंड करायच्या बाहेरच्या कवचाला) कधी स्टीम, कधी ब्राइन (थंड खारं पाणी). टेफ्लॉन स्टीलच्या सुमारे दहापट पसरतं आणि आकसतं, त्यामुळे अशा गरम-थंड खेळात ते ढिलं पडतंच. जॅकेटच्या बाजूला ॲसिड नसतं, मग टेफ्लॉनचा हट्ट कशाला? थर्मिक फ्लुइडलाही (उष्णता वाहून नेणारं गरम तेल) ग्रॅफाइटचं स्पायरल वाउंड (धातूची पट्टी आणि ग्रॅफाइट गुंडाळून केलेलं) गॅस्केट घ्या. टेफ्लॉनची सततच्या वापराची कमाल मर्यादा २६० डिग्री आहे, तीही प्रेशर कमी असताना. ज्वलनशील सॉल्व्हंटच्या लाइनला आग लागल्यास ते टिकत नाही, याचाही विचार करा.

माल हातात आला की वजन करा. व्हर्जिनची घनता २.१ ते २.२ असते, म्हणजे एक मीटर बाय एक मीटर, १.५ एमएमची शीट साधारण सव्वातीन किलो. बरंच कमी-जास्त भरलं तर जाडी तरी चुकलीय किंवा माल तरी. पांढऱ्या शीटमध्ये राखाडी ठिपके दिसले तर रिसायकल मिसळल्याची शक्यता मोठी. मोठ्या रिंगा खिळ्याला टांगू नका, त्या लांबट होतात.

बसवताना वंगण स्टडच्या आट्यांना, गॅस्केटला कधीच नाही. बोल्ट समोरासमोर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. मग दुसऱ्या दिवशी, लाइन थंड आणि बिनप्रेशरची असताना, परत एकदा टॉर्क मारा. शटडाऊनच्या घाईत हाच टप्पा गाळला जातो, आणि मग फोन मला येतो की माल खराब निघाला. जुनं गॅस्केट परत लावू नका, दिसायला कितीही चांगलं असलं तरी.

ऑर्डर अशी लिहा: “दोन इंच, १५० क्लास, रेज्ड फेस, स्टील, १.५ एमएम, कॉस्टिक ४० टक्के, ९० डिग्री, ३ किलो प्रेशर.” याला मी डोळे झाकून बेरियम सल्फेटवाली शीट कापेन. प्रॉडक्टचं नाव गुप्त ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. एचएफ आहे का, कॉस्टिक आहे का, कडक ऑक्सिडायझर किंवा मोनोमर आहे का, एवढ्या हो-नाहीवर माझं भागतं.