जपानी पोलादी सुरी: गंजू न देता वापरायची कशी, धार लावायची कशी

नवी कार्बन पोलादाची नाकिरी, म्हणजे भाजी चिरायची जपानी सुरी, घरी आली आणि पहिला कांदा चिरलात की दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. एक, सुरी दाबावी लागत नाही. नुसती पुढे सरकवली की काप पडतो, आणि कांदा चेंगरत नसल्यामुळे डोळेही कमी चुरचुरतात. दुसरी, कापांच्या कडा करड्या दिसू लागतात आणि मघापर्यंत लखलखणारं पातं डागाळतं. दुकानात परत न्यावी का, असा विचार बऱ्याच जणांच्या मनात इथेच येतो. नेऊ नका. सुरीत खोट नाही, हे पोलाद असंच वागतं.

आपल्या रोजच्या स्टेनलेस सुरीत निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, तेच तिला गंजापासून वाचवतं. जपानच्या पारंपरिक सुऱ्यांचं पोलाद म्हणजे मुख्यतः लोखंड आणि एक टक्क्याहून थोडं जास्त कार्बन. शिमाने प्रांतातल्या यासुगीचं पोलाद यासाठी नावाजलेलं आहे. त्याच्या जातींना नावं ओळखीसाठी लावलेल्या कागदाच्या रंगावरून पडली: शिरोगामी म्हणजे पांढरा कागद, आओगामी म्हणजे निळा. शिरोगामी जवळजवळ निव्वळ असतं, त्याला धार पटकन लागते. आओगामीत टंगस्टन आणि थोडं क्रोमियम घातलेलं असतं, म्हणून त्याची धार जास्त दिवस टिकते. गंज दोन्हींना चढतो. ज्यांच्या घरी लोखंडी विळी होती त्यांना यात नवल वाटणार नाही. कैरी चिरली की विळीचं पातं काळवंडायचं, आणि आजी ते धुऊन लगेच फडक्याने कोरडं करायची. नाकिरीला याहून वेगळं काही लागत नाही.

कोणती घ्यावी

ओसाकाजवळच्या साकाईच्या सुऱ्या जगभरचे आचारी वापरतात. तिथे पातं घडवणारा लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा आणि मूठ बसवणाराही वेगळा. पण साकाईची खासियत असलेल्या यानागिबा आणि देबा या सुऱ्या कच्च्या माशाचे काप काढायला आणि मासे साफ करायला असतात. त्यांना एकाच बाजूने धार असते आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी सुरी घ्यावी लागते. भाजी चिरणाऱ्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: नाकिरी घ्या. चौकोनी पातं, दोन्ही बाजूंनी धार, लांबी साधारण १६५ मिलिमीटर. शिकोकू बेटावरच्या तोसा भागात अशा साध्या, दणकट नाकिऱ्या घडतात. त्यांच्या पात्याचा वरचा भाग भट्टीतून निघाला तसा काळाच ठेवलेला असतो. त्याला कुरोउची म्हणतात. तो काळा थर गंज बऱ्यापैकी अडवतो, म्हणून पहिल्या सुरीसाठी हीच बरी.

पातं नीट न्याहाळलंत तर धारेच्या थोडं वर एक नागमोडी रेघ दिसेल. रेघेखालचं चकचकीत ते कठीण पोलाद, वरचं मऊ लोखंड. मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव केलेली असते. कठीण पोलाद धार धरतं आणि मऊ लोखंड त्याला तुटू देत नाही.

रोजची वागणूक

पहिल्यांदा कोमट पाणी आणि साबणाने धुऊन कारखान्यातलं तेल काढा. मग एकच नियम पाळा: कापणं थांबलं की सुरी पुसा. सगळा स्वयंपाक उरकल्यावर नाही, हातातली भाजी संपल्यावर. ओट्यावर डाव्या हाताशी एक ओलसर आणि एक कोरडं फडकं ठेवा. लिंबू, टोमॅटो, कैरी, चिंच, कोकम यांच्यानंतर तर दोन मिनिटांचीही सवड देऊ नका. माझी सुरी एकदा लिंबं चिरून झाल्यावर ओल्या पाटावर राहिली. फोन आला म्हणून मी बाहेरच्या खोलीत गेले, परत आले तर पात्यावर नारिंगी ठिपके उठलेले. तेव्हापासून पुसल्याशिवाय मी ती हातातून खाली ठेवत नाही.

असं वापरत राहिलात की महिन्याभरात पात्यावर निळसर-करडा थर धरतो. तो हवा असतो. तो चढला की कांद्याच्या कडा करड्या पडणं थांबतं आणि सुरी आंबटाला सहज दाद देत नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून हा थर मुद्दाम चढवणारेही आहेत, पण रोजच्या भाज्यांनी आपसूक येणारा मला जास्त आवडतो. हा थर की गंज अशी शंका आली तर पांढरं फडकं घासून पाहा. तांबूस डाग उठला तर गंज. मग मुळ्याचा एक तुकडा कापून त्यावर भांडी घासायची बारीक पावडर घ्या आणि पाठीकडून धारेकडे, बोटं धारेपासून दूर ठेवून घासा. जपानी स्वयंपाकघरातली ही जुनी रीत आहे.

भांडी धुण्याच्या यंत्रात ही सुरी कधीही घालू नका. नारळ, हाडं, गोठवलेले मटार, भोपळ्याचं टणक साल यांवर चालवू नका. हे पोलाद कठीण आहे म्हणूनच ठिसूळ आहे, आडवा पीळ बसला की धारेचा कपचा उडतो. काचेचा किंवा दगडी पाट नको, लाकडी घ्या. चिरलेली भाजी धारेने ओढायची सवय असेल तर ती मोडा, सुरी उलटी करून पाठीने ओढा.

पावसाळ्यात कोकण-मुंबईकडच्या दमट हवेत आठ-दहा दिवस सुरी लागणार नसेल तर पात्याला कॅमेलियाच्या बियांचं तेल अगदी पुसटसं लावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. नेहमीच्या खाद्यतेलाचा चिकट थर बसतो, तो नको.

धार

दारावर येणाऱ्या चाकवाल्याकडे ही सुरी देऊ नका. त्याच्या कसबाबद्दल मला आदर आहे, पण कोरड्या चाकावर धार तापते आणि तापली की तिचं पाणी उतरतं. लोहाराने दिलेला कठीणपणा जातो तो जातोच. सुरी ओढून धार लावायची छोटी यंत्रंही टाळा. पाण्याचा दगड घ्या. सुरुवातीला १००० नंबरचा एकच पुरतो (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), पुढे वाटलं तर ३००० किंवा ६००० नंबरचा आणा.

दगड भिजवण्याच्या जातीचा असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा, दहा-पंधरा मिनिटं. खाली ओलं फडकं अंथरा म्हणजे तो सरकणार नाही. सुरी दगडावर आडवी टेकवा आणि पाठ उचला. पाच सेंटिमीटर उंच पात्यासाठी पाठ सव्वा सेंटिमीटर वर हवी, म्हणजे खाली तुमची करंगळी जेमतेम शिरेल. हा साधारण १५ अंशांचा कोन झाला. तो नक्की जमतोय का, हे कळायला धारेवर मार्कर पेनने रेघ ओढा आणि चार-पाच वेळा घासा. शाई पाठीकडची गेली तर कोन कमी आहे, अगदी धारेच्या कडेची गेली तर जास्त. सगळी रेघ सारखी पुसली गेली की तोच कोन मनगटात धरून ठेवा.

डाव्या हाताची दोन बोटं धारेच्या जवळ टेकवा आणि जिथे बोटं, तिथेच घासा. मग बोटं पुढे सरकवा. दगडावर करडा चिखल तयार होईल, तो धुऊ नका. काम तोच करतो.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण. काही मिनिटांनी पात्याच्या दुसऱ्या बाजूला, पाठीकडून धारेच्या दिशेने अंगठा हलकेच बाहेर सरकवा. धारेशी काहीतरी अडकल्यासारखं, बारीक खरखरीत लागेल. जपानी लोक या खरखरीला काएरी म्हणतात. ही खरखर टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या बाजूपासून, टोकापर्यंत सलग लागली की या बाजूचं काम झालं. मधे कुठे तुटली असेल तर तिथे धार अजून पोचलेली नाही. नवशिके इथेच घाई करतात आणि मग धार टिकत नाही अशी तक्रार करतात. सलग लागल्यावरच सुरी उलटा आणि दुसरी बाजू तशीच करा. शेवटी दाब कमी कमी करत बाजू बदला, ८-१० वेळा, अगदी सुरीच्या वजनावर. मग घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर धार मागे ठेवून पाते ओढा. खरखर नाहीशी झाली पाहिजे.

पिकलेला टोमॅटो घ्या आणि सुरी न दाबता फक्त ओढा. साल लगेच फाटली तर छान. सुरी घसरली तर पुन्हा दगडावर या, बहुधा खरखर पूर्ण गेलेली नसते.

दगड मधे खोलगट होत जातो आणि खोलगट दगडावर सरळ धार येत नाही. म्हणून दर दोन-तीन वेळांनी त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि सपाट करायच्या भरड दगडावर सगळ्या रेघा जाईपर्यंत घासा. नंतर धुऊन सावलीतच वाळवा, उन्हात तडकतो.