पिकअपला लिफ्ट निवडताना आधी वजन, मग उंची

वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीची कामं आम्ही घेतो. हौद्यात हत्यारांच्या पेट्या, मागे जनरेटरची दोनचाकी ट्रॉली आणि रस्ता म्हणजे पावसाने चरी पाडलेली जांभ्या दगडाची वाट. पहिल्याच वर्षी आमच्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअपचं पोट दोनदा दगडावर बसलं, म्हणून गाडी उचलून घेतली, म्हणजे लिफ्ट केली. पुढे स्ट्रटच्या (कॉइल स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे. गाडी तीन इंच वर गेली. त्याच आठवड्यात ट्रॉली घेऊन पाटणकडे उतरताना ट्रॉली मागे डुलायला लागली आणि तिने गाडीलाही डोलवलं. शेजारी बसलेल्या पोराने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. वेग आधीच कमी होता म्हणून निभावलं.

कारण नंतर कळलं. हुक तीन इंच वर गेल्याने ट्रॉलीचं नाक वर झालं होतं, तिचं वजन स्वतःच्या चाकांच्या मागे सरकलं होतं आणि हुकावर पुरेसा भार उरला नव्हता. गॅरेजवाल्याने आम्हाला एकच प्रश्न विचारला होता, "किती इंच पाहिजे?" विचारायला हवं होतं, "किती वजन ओढता?" म्हणून पुढची सगळी क्रमवारी वजनापासून सुरू होते.

आधी काट्यावर जा

सातारा-सांगलीत वजनकाट्यांना तोटा नाही. गाळप हंगामात उसाच्या गाड्यांची रांग असते, म्हणून दुपारची मोकळी वेळ साधा. डिझेलची टाकी भरून तीन वेळा वजन करायचं: गाडी रिकामी, मग रोजचा माल भरून, मग ट्रॉली जोडून. तिसऱ्या वेळी ट्रॉलीची चाकं काट्याच्या बाहेर राहतील अशी गाडी उभी करा. दर वेळी आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलवरचा भार मिळतो.

त्याच वेळी चारही चाकांपाशी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. माल भरल्यावर मागची बाजू किती बसते आणि ट्रॉली जोडल्यावर पुढची किती उचलते, हे दोन आकडे पुढे प्रत्येक निर्णयात लागतात. आमच्याकडे ट्रॉली आणि माल मिळून मागे ५५ मि.मी. बसत होतं आणि पुढे १५ मि.मी. उचलत होतं. म्हणजे गाडी बुटकी असल्यापेक्षा मागून खचत होती. दगडावर पोट बसायचं निम्मं कारण तेच होतं.

पूर्ण गाडीचा आकडा आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. तो त्याच्या वर असेल तर लिफ्टचा विषय तिथेच थांबवा आणि आधी माल कमी करा. पाटे कितीही जाड घातले तरी ब्रेक, ॲक्सल आणि चेसी कंपनीच्याच राहतात. गाडीची वहनक्षमता लिफ्टने एक किलोनेही वाढत नाही.

हुकावरचा भार

मोठ्या काट्यावर हा लहान आकडा नीट कळत नाही. भुसार दुकानातला प्लॅटफॉर्म काटा मागून घ्या. सपाट जमिनीवर ट्रॉली आडवी, समतल ठेवून तिचं नाक काट्यावर टेकवा. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हुकावर असावा. फारच कमी असेल तर ट्रॉली डुलते. फार जास्त असेल तर गाडीचं नाक हलकं होतं. जनरेटर ट्रॉलीच्या चाकांपुढे थोडा सरकवूनही बरंच साधतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. गाडीने किती ओढावं आणि हुकावर किती भार चालतो, ते मालकाच्या पुस्तिकेत असतं.

हुक मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, म्हणून तो तरफेसारखा काम करतो. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३,०९५ मि.मी. आहे. हुक ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे धरला, तर हुकावरचे १०० किलो मागच्या ॲक्सलवर सुमारे १४० होतात आणि पुढच्या चाकांवरचे ४० किलो कमी होतात. हौद्यात ॲक्सलच्या बरोबर वर ठेवलेले १०० किलो असं करत नाहीत. ट्रॉली जोडली की स्टीअरिंग हलकं का वाटतं, याचं उत्तर यात आहे.

किती उंची?

ज्याला ओढायचंही आहे त्याने ४० ते ५० मि.मी.वर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मागे पाटे आणि सलग ॲक्सल असलेल्या गाडीत सगळ्यात खाली लोंबतं ते मागचं डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा डबा), आणि ते लिफ्टने एक सूतही वर जात नाही. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर. लिफ्टने पोट, पुढचा बंपर आणि मागचा हुक वर जातात. पाणंदीच्या चाकोरीतून किंवा बांधावरून जाताना तेवढं पुरतं.

टायर मोठे घालण्याआधीही विचार करा. चाकाचा घेर वाढला की गिअर लांब झाल्यासारखे होतात, चढावर ओढ कमी पडते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. आम्ही मापाचेच टायर ठेवले, फक्त जाड बाजूचे घेतले. पंक्चर कमी झाले.

पैसे देण्याआधी आरटीओ आणि विमा

गाडीत कंपनीच्या मापाबाहेर बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच बाजू ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. गाडी एमएच-११, एमएच-५० किंवा एमएच-१०, कुठलीही असो, आपल्या आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. ट्रॉलीची नोंदणीही स्वतंत्र लागते. मुळातले थकलेले पाटे आणि शॉकअप त्याच मापाचे नवे घातले, तर बऱ्याच गाड्यांची गेलेली उंची परत मिळते आणि हा प्रश्नच उरत नाही. पुष्कळांना एवढंच पुरेल.

पुढची बाजू

व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या दोन्हींना पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली एकेक आर्म) आणि कॉइल आहे. इथे स्वस्त मार्ग म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावरचा स्पेसर. शॉकअप खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतो, त्यामुळे २५ मि.मी.चा स्पेसर चाकापाशी जवळजवळ दुप्पट उंची देतो. पण स्प्रिंग तीच राहते. चाक मात्र पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबतं, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके होतात आणि त्यांवरचे रबरी बूट फाटतात. फाटलेल्या बुटातून चिखल गेला की सांधा गेलाच.

त्यापेक्षा वजनाप्रमाणे निवडलेली कॉइल आणि तिच्या जोडीचा शॉकअप घ्या. ओल्ड मॅन एमूसारखे ऑस्ट्रेलियन ब्रँड एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भाराच्या कॉइल देतात: साध्या बंपरसाठी वेगळी, लोखंडी बंपर आणि विंचसाठी (अडकलेली गाडी दोराने ओढणाऱ्या यंत्रासाठी) वेगळी. समोर काही जड लावलेलं नसेल तर जड कॉइल घेऊ नका. ट्रॉली जोडल्यावर आधीच हलकं झालेलं नाक ती आणखी वर उचलते.

मागची बाजू, खरा निर्णय इथे

ठोकळे: ट्रॉली ओढणाऱ्यांनी टाळावेत. चढावर पूर्ण ताकद लागते तेव्हा ॲक्सल स्वतःभोवती पिळवटतो, आणि ठोकळ्यामुळे त्याला पाट्याला मुरगळायला लांब दांडा मिळतो. गाडी थडथडत चढते, मग पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो. लांब शॅकलने (पाट्याचं टोक चेसीला अडकवणाऱ्या पट्टीने) उंची मिळते, ताकद वाढत नाही.

एक जादा पाटा घालणं हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय. कऱ्हाड, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), कुठेही पाटेवाला ते करून देतो. भार कायम असेल तर चालतं. रिकामी गाडी मात्र उड्या मारते, आणि ओल्या जांभ्यावर उडणारं चाक पकड सोडतं.

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे पूर्ण नवा संच, कायमच्या भाराप्रमाणे निवडलेला. इथे बहुतेक जण चुकतात: वर्षातून दोनदा भरणाऱ्या ७०० किलोंसाठी पाटे घेतात. रोज असतो तो भार धरा. आमच्या पेट्या कायम १८० किलोंच्या, त्यात हुकाचा भार आठवड्यातून चार दिवस. म्हणून ३०० किलोपर्यंतच्या कायम भाराचा संच घेतला. गाडी आता ट्रॉलीसकट २५ मि.मी. बसते आणि रिकामी असताना कंबर मोडत नाही.

कधीमधीच जड ओढायचं असेल तर मागे हवेच्या पिशव्या लावता येतात. पण त्या सगळा भार चेसीच्या एकाच जागी देतात. डबल कॅब पिकअपचा हौदा ॲक्सलच्या बराच मागे जातो. अशा गाडीत जास्त भार आणि फुगवलेल्या पिशव्या एकत्र आल्या की चेसी वाकल्याची उदाहरणं आहेत.

बसवताना समोर उभं राहून तपासायचं

बुशचे (सांध्यांतल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. चाक लोंबत असताना आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घाला. चाक पूर्ण खाली लोंबवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते बघा.

अनेक मालवाहू पिकअपला मागच्या ॲक्सलपासून चेसीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जोडणारी एक दांडी असते. हौदा खाली बसला की ती भार ओळखते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. लिफ्ट केल्यावर त्या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. भरलेली ट्रॉली मागे असताना मागचे ब्रेक कमजोर! दांडीचा ब्रॅकेट उंचीइतका सरकवून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

मग अलाइनमेंट. उंचीने कॅस्टर (गाडी सरळ धावावी म्हणून स्टीअरिंगच्या अक्षाला मागे दिलेला कल) कमी होतो आणि हायवेवर गाडी भरकटते. गॅरेजकडून आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा. कॅस्टर मापात येत नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतात. हेडलाइट खाली वळवा, घाटात समोरच्याचे डोळे दिपू नयेत. आणि हुकाचा गोळा खाली आणणारा माउंट घाला, म्हणजे भरलेली ट्रॉली पुन्हा समतल उभी राहील.

पहिले ५०० किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसात फिरणाऱ्यांनी दिवाळीच्या आसपास पाटे धुऊन, चिखल काढून, शॅकलच्या पिना तपासाव्यात. माण, खटाव, जतच्या फुफाट्यात फिरणाऱ्यांनी शॉकअपची सील बघावी. दांडीवर तेलाने धरलेली धूळ दिसली तर सील गळायला लागली आहे. आणि कासचं पठार असो की दुसरा कुठला सडा (उघडा खडकाळ माथा), गाडी वाटेवरच ठेवा. तिथल्या मातीचा थर बोटभर असतो, आणि चाकोरी पडली की पुढच्या पावसात तीच ओघळ होते.