अपग्रेडनंतर मशीन बूट होत नाही? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून माझ्या टेबलावर एकाच जातीची मशिनं येऊन पडायला लागली. "सर, विंडोज अकरा टाकलं आणि बंदच पडलं." सांगलीत रिपेअरिंगच्या दुकानात बसून आता इतकं कळलंय की यातली बरीचशी मशिनं अपग्रेडने बिघडलेली नसतात. अपग्रेड कुठेतरी अडकतं, आणि पुढच्या अर्ध्या तासात मालक, मालकाचा भाऊ आणि यूट्यूब मिळून जे करतात, त्याने ती बिघडतात. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो.

पॉवर बटण दाबून धरणे

काळ्या स्क्रीनवर ठिपके गोल फिरतायत, वीस मिनिटं झाली, माणूस उठतो आणि बटण दाबून धरतो. अहो, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर दोन-तीन तास लागू शकतात. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही. दिवा नसेल तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, कदाचित नुसता डिस्प्ले गेलाय. विंडोजची की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने उठतो. एवढ्यावर चित्र आलं आणि गिऱ्हाईक खजील होऊन हसलं, असं कितीदा झालंय.

आणि ज्यांच्या यूपीएसची बॅटरी तीन वर्षांपूर्वीच मेलीय, त्यांनी पावसाळ्यात रात्री अपग्रेड लावून झोपू नये. यापुढे मी काही बोलत नाही.

बायोसमध्ये शिरून "सगळं डीफॉल्ट" करणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

एक कॉलेजच्या मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. पीएचडीचा प्रबंध आत, बॅकअप कुठेही नाही. अपग्रेड झालं, रीस्टार्ट झालं आणि मशीन कंपनीच्या लोगोवरच थांबलं. धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला. तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरला, "लोड डीफॉल्ट्स" केलं, सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालू-बंद करून पाहिलं. तरी जमेना म्हणून "क्लिअर टीपीएम" दिसलं, तेही दाबलं. त्यानंतर निळी स्क्रीन आली आणि तिने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली.

"आम्ही कधी पासवर्डच ठेवला नाही हो," मॅडम म्हणत होत्या. खरं होतं ते. पण हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर, होम एडिशन असलं तरी, पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट होते. कुलपाची किल्ली टीपीएम चिपमध्ये राहते आणि जादा किल्ली त्या खात्यावर जमा होते. टीपीएम पुसला म्हणजे घराच्या दारातली किल्ली विहिरीत टाकली. उरली खात्यावरची.

मॅडमच्या खात्यावर काहीच नव्हतं. भावाच्याही नव्हतं. लॅपटॉप कुठून घेतला म्हणून बिल मागितलं, तर बिल माझ्याच दुकानाचं. मग डोक्यात उजेड पडला. त्या काळात आम्ही गिऱ्हाइकाचा वेळ वाचवायला दुकानाच्याच ईमेलवर खातं उघडून सेटअप उरकायचो. शॉर्टकट! इतरांच्या शॉर्टकटवर मी तोंड सोडतो, तर हा माझा.

दुकानाचं ते जुनं खातं उघडायला एक दुपार गेली, कारण त्याचा कोड येणारा मोबाइल नंबर सोडून गेलेल्या पोराचा होता. आत पाहिलं तर "डेस्कटॉप-अमुक" अशा नावांची तीसेक मशिनं रांगेत. निळ्या स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं यादीतल्या आयडीशी जुळवत गेलो. बाविसाव्याला जुळली. ४८ आकडे सहा-सहाच्या गटाने मी वाचतोय आणि मॅडम टाइप करतायत, त्यांची बोटं थरथरत होती. प्रबंध मिळाला. पैसे घेतले नाहीत, कुठल्या तोंडाने घेणार.

आणि लोगोवर अडकण्याचं मूळ कारण? बाजूच्या खाचेत राहून गेलेलं कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड. ते काढलं की मशीन सरळ बूट होत होतं.

म्हणून अपग्रेडच्या आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात "डिव्हाइसेस"खाली आपली रिकव्हरी की दिसते का बघा आणि कागदावर लिहून घ्या. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये नको, हेही सांगावं लागतं. की कुठेच नसेल तर मायक्रोसॉफ्टही ती डिस्क उघडून देत नाही, मी कोण लागून गेलो. एएमडीच्या काही बोर्डांवर बायोस अपडेटनंतर "एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन" असं विचारतात; एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधलाच टीपीएम. की हातात नसेल तर वाय दाबू नका.

बायोसमध्ये काहीही बदलायच्या आधी मी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढतो. रीत म्हणा, खोड म्हणा. "डीफॉल्ट" केल्यावर डिस्कचा मोड (मशीन डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतं ते) एएचसीआयवरून रेडवर किंवा व्हीएमडीवर जाऊन बसला, तर विंडोज "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणून निळं पडतं. फोटो असेल तर मोड परत फिरवला की पाच मिनिटांत काम होतं. नसेल तर लोक थेट फॉरमॅट मारतात.

सीएसएम बंद करणे, आणि मग "क्लीन"

लग्नसराई तोंडावर. एका डीटीपीवाल्याने विंडोज अकराची हार्डवेअर तपासणी चुकवून जुन्या मशीनवर अकरा चढवलं होतं. चार दिवस उत्तम चाललं. पाचव्या दिवशी कोणीतरी म्हणालं, सिक्युअर बूट चालू नसेल तर ते खरं अकरा नव्हेच. सिक्युअर बूट चालू करायला सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची बायोसमधली सोय) बंद करावं लागतं, तेवढं त्याने केलं. स्क्रीनवर आलं: "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस".

त्याच्या डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता जुन्या पद्धतीचा, एमबीआर. सीएसएम बंद म्हणजे निव्वळ यूईएफआय, म्हणजे नवी बूट पद्धत, आणि अशा मशीनला विंडोज बूट करायला जीपीटी, म्हणजे नव्या तक्त्याची, डिस्क लागते. सीएसएम पुन्हा चालू केलं असतं तर मशीन जसंच्या तसं उठलं असतं. एक बटण! पण त्याने पेनड्राइव्ह लावला. इन्स्टॉलर म्हणाला, या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, इथे विंडोज बसणार नाही. कुठल्याशा व्हिडिओत याला उपाय होता, डिस्कपार्ट (डिस्कचे भाग पाडायचं विंडोजचं साधन) उघडून "क्लीन". त्याने मारलं. यादीतली सी, डी, ई सगळी जाऊन एकच सलग मोकळी जागा दिसायला लागली, तेव्हा मला फोन आला.

थांबला हे नशीब. "क्लीन" पार्टिशनचा तक्ता उडवतं, फिरत्या डिस्कवरच्या फाइली लगेच पुसत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, आधी तिची पूर्ण नक्कल घेतली आणि नकलेवर टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशनं शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. पहाटेपर्यंत डी आणि ई परत आले, त्यात छपाईला जायच्या पत्रिका. विंडोज मात्र नव्याने, मराठी टायपिंगची श्रीलिपी नव्याने, तिचा डोंगल शोधण्यात आणखी एक तास.

एमबीआरची जीपीटी करायची तर विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी हे साधन आहे, २०१७ पासून. बॅकअप घ्या, मशीन चालू असताना आधी व्हॅलिडेट (तपासणी), मग कन्व्हर्ट (बदल), आणि त्यानंतरच बायोसला हात. क्रम उलटा केला की रडायचं. डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर व्हॅलिडेटच नापास होतं, तेव्हा जबरदस्ती करू नका.

अपग्रेडला दोष, गुन्हेगार बटणसेल

रात्री अपग्रेड झालं, छान चाललं, भिंतीवरचं बटण बंद केलं, सकाळी बूट नाही. बायोसमधली तारीख बघा. ती मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलाय आणि बायोसची सेटिंग रात्रीत पुसली गेलीत. सेल बदला, सेटिंग परत लावा.

उरलेल्या, पटापट

प्रिंटर, पेनड्राइव्ह, डोंगल, मेमरी कार्ड सगळं काढून मग बूट करून बघा. वरचं वाचलं असेल तर कारण सांगायला नको.

जुन्या लेखातून बूट दुरुस्तीची "बूटरेक फिक्सबूट" ही कमांड उतरवून मारू नका, यूईएफआय मशीनवर ते बहुधा "अ‍ॅक्सेस डिनाइड" म्हणतं. तिथे साधारण १०० एमबीच्या फॅट३२ ईएफआय पार्टिशनला अक्षर देऊन, बूटच्या फाइली नव्याने लिहिणारं बीसीडीबूट चालवावं लागतं. आणि रिकव्हरीत सी ड्राइव्ह सी असेलच असं नाही, आधी डिस्कपार्टमध्ये "लिस्ट व्हॉल्यूम" मारा.

डिस्क कटकट आवाज करत असेल तर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) नको. आधी डेटा काढा.

इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर जुगाड करून विंडोज अकराची २४एच२ आवृत्ती चढवू नका. त्या आवृत्तीला लागणारी पॉपकाउंट सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीच, त्यामुळे बूटच होत नाही. इथे मीही काही करू शकत नाही.

जुन्या विंडोजवर परत जायला साधारणपणे १० दिवस मिळतात. जागा कमी आहे म्हणून दुसऱ्याच दिवशी "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन" साफ करून परतीची वाट बंद करणारे महाभाग आहेत. मशीन बूटच होत नसेल तर सुरू होता होता दोन-तीनदा बंद पडल्यावर रिकव्हरी आपोआप येते. तिथे अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "अनइन्स्टॉल अपडेट्स" आणि त्यात फीचर अपडेट काढायची सोय आहे. "ऑटोमॅटिक रिपेअर जमलं नाही" असं दिसलं की लोक हाय खातात. त्याच पानावर खाली अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सचं बटण असतं.

दुकानात याल तेव्हा काय काय दाबलं ते खरं सांगा. "आपोआप झालं" ऐकलं की मी पहिला तास तुम्ही काय केलं ते शोधण्यात घालवतो, आणि तो बिलात येतो. लॅपटॉपबरोबर चार्जरही आणा.