ॲनिमेशन मालिका करताय? शेवटच्या आठवड्यात छळणाऱ्या या चुका आधीच टाळा

टीव्हीवरचा ११ मिनिटांचा एक भाग म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने १६,५०० फ्रेम. हे काम स्टोरीबोर्ड (चित्रांतून मांडलेली गोष्ट), लेआउट (शॉटची मांडणी), रिगिंग (पात्र हलवता यावं म्हणून त्याचे सांधे जोडणं), ॲनिमेशन, कंपोझिटिंग (सगळे थर एका चित्रात जुळवणं) असं टेबलामागून टेबल फिरत जातं. कुणाला चित्र काढता येत नाही म्हणून भाग बिघडलेला मी क्वचितच पाहिलाय. तो बिघडतो या टेबलावरून त्या टेबलावर जाताना. पहिल्यांदाच मालिकेवर काम करणाऱ्यांनी नेमकं तिथेच लक्ष ठेवावं.

ॲनिमॅटिक पक्कं न करता पुढे जाणं

“सीन जरा लांबलाय, पण ॲनिमेशनमध्ये बसवून घेऊ.” हे वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबा. ॲनिमॅटिक म्हणजे आवाजाच्या ट्रॅकवर बोर्डची चित्रं लावून केलेली कच्ची फिल्म. त्यातले जास्तीचे ४० सेकंद काढायला एक दुपार पुरते. तेच ४० सेकंद पूर्ण झाल्यावर कापले, तर १,००० फ्रेम वाया जातात आणि त्यामागे जागलेल्या मुलांचे दिवसही. ॲनिमॅटिक एकदा आवाज बंद करून बघा. गोष्ट जिथे कळेनाशी होते, तिथला बोर्ड बदला. तिथे संवाद वाढवून काम भागत नाही.

पात्र सरळ उलटं फिरवणं

कट-आउट पद्धतीत, म्हणजे हातपाय-डोकं वेगवेगळे तुकडे करून जोडलेल्या पात्रात, डावीकडे बघणारं पात्र उजवीकडे वळवायला एक कमांड पुरते. मोह होतोच. मी काम केलेल्या एका मालिकेत सहावारी नेसलेली आजी होती. अर्धा भाग तयार झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की आजी खिडकीकडे वळली की तिचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातो. लहान मुलांना असल्या गोष्टी मोठ्यांच्या आधी दिसतात, म्हणून ते सगळे शॉट पुन्हा केले.

पदर, भांग, खिसा, हातातलं घड्याळ, शर्टावरचं अक्षर, असं एका बाजूचं काहीही पात्रावर असेल, तर रिग करतानाच डावी आणि उजवी बाजू वेगळी करून घ्या आणि मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुना-चित्रांच्या कागदावर, ते ठळक लिहा. दोन सलग शॉट दोघांकडे असतील, तर पहिल्याने आपली शेवटची पोझ दुसऱ्याला द्यायची. कळशी उजव्या हातातून डाव्या हातात उडी मारते ती ही देवघेव न झाल्यामुळे.

ओठ आणि आवाज

इथे तक्रार एकच येते, “सिंक गेलंय,” म्हणजे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. पण दुखणी वेगवेगळी असतात, म्हणून आधी नीट बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल, तर आवाजाच्या किंवा चित्राच्या आधी काही रिकाम्या फ्रेम राहिल्यात. ट्रॅक तेवढा सरकवा. सुरुवातीला बरोबर असून पुढे पुढे फरक वाढत असेल, तर कुणीतरी २४ फ्रेमच्या हिशेबाने काम केलंय आणि फाइल २५ ने चालतेय. मिनिटाला २.४ सेकंद, म्हणजे ११ मिनिटांच्या शेवटी २६ सेकंदांहून जास्त. हे सरकवून सुटत नाही. मूळ फाइलची सेटिंग शोधावी लागते. आणि सगळं जुळूनही तोंड मागे राहिल्यासारखं वाटत असेल, तर तोंडाचे आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आणून बघा.

डबिंगचं दुखणं भाषेत असतं. प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांना ओठ मिटतात आणि प्रेक्षकाला नेमकं तेच दिसतं. हिंदीतल्या “मुझे पता नहीं” मध्ये पहिल्या आणि तिसऱ्या अक्षराला ओठ मिटतात. मराठीत “मला ठाऊक नाही” लिहिलं तर तिसऱ्या अक्षराला ओठ मिटलेले दिसतात आणि कानावर “ठा” पडतो. “मला माहीत नाही” लिहा, चपखल बसतं. अर्थ तोच, लांबीही तीच. म्हणून डबिंगच्या लेखकाला नुसती संहिता पाठवू नका, चित्र पाठवा. मराठी मुलांना त्यांच्या भाषेत नीट बोलणारं पात्र मिळावं, यासाठी एवढं करायलाच हवं.

दूरच्या टीमला जगाचे नियम न सांगणं

“द सिम्पसन्स” या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेसाठी सर्वात आधी तयार झालेला भाग १९८९ मध्ये दक्षिण कोरियातून ॲनिमेट होऊन परतला, तेव्हा निर्मात्यांना धक्का बसला. त्यांना हवं होतं खऱ्यासारखं, कडक नियमांचं जग आणि पडद्यावर दार आपटलं की रबरासारखं वाकत होतं. सुमारे ७० टक्के काम पुन्हा करावं लागलं. मालिकेचा आरंभ लांबला, १७ डिसेंबर १९८९ ला तो नाताळच्या भागाने झाला आणि हा भाग थेट १३ मे १९९० ला, पहिल्या हंगामाच्या शेवटी दाखवला गेला.

पात्रांची मॉडेल शीट सगळेच पाठवतात. वस्तू किती वाकते, पात्र किती ताणायचं, पडलं तर लागतं का, हे कुणी लिहीत नाही. ते लिहा. शिवाय पूर्ण भाग सोपवण्याआधी एकच अवघड शॉट करून मागवा.

रिटेकच्या नोट

“मजा नाही आली” ही नोट नव्हे. एका शॉटच्या सगळ्या सूचना एकदमच द्या. आज हात, उद्या डोळे, परवा सावली असं तुकड्यातुकड्याने सांगितलं तर तोच शॉट तीनदा उघडावा लागतो. फाइलच्या नावात भाग, शॉट आणि आवृत्तीचा आकडा असू द्या, “फायनल” हा शब्द नको. आणि नोट अशी लिहा: “शॉट १४, फ्रेम ३२ ते ४०, आजीचा डावा हात कपाला टेकत नाही.” रात्री अकरा वाजता ती वाचणारा कुणालाही फोन न करता कामाला लागू शकतो.