क्रेऑनचा गर्व कोणत्या ओळीत दिसतो?

एम.ए.च्या पहिल्या वर्षी ग्रीक शोकात्मिकांवर मी लिहिलेल्या पहिल्या टिपणाचा आशय ‘गर्वाचे घर खाली’ एवढाच होता. बाईंनी ते परत दिले, तेव्हा समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला होता: ‘कोणत्या ओळीत?’ त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

नायकाच्या पतनाचे कारण म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो ‘ह्युब्रिस’ हा ग्रीक शब्द आधी नीट समजून घ्यावा. आपण त्याचा अर्थ सरसकट ‘गर्व’ असा करतो. परंतु अथेन्समध्ये तो कायद्यातला शब्द होता आणि मारहाण करून किंवा अन्य रीतीने दुसऱ्याची मानहानी करणाऱ्यावर त्याखाली खटला भरता येत असे. नायकाच्या पतनाविषयी लिहिताना ॲरिस्टॉटल ‘हामार्शिया’, म्हणजे प्रमाद, हा शब्द वापरतो. या दोन शब्दांची सरमिसळ माझ्याही टिपणात झाली होती.

सुरुवात ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. हे नाटक इ.स.पू. 441च्या सुमाराचे मानले जाते. नगरावर चालून आलेल्या पॉलिनायसीजचे, म्हणजे अँटिगनीच्या भावाचे, दफन करू नये, असा हुकूम देणारा राजा क्रेऑन आरंभी उद्दाम वाटत नाही. सत्ता हाती आल्याखेरीज माणसाचे मन आणि विचार कळत नाहीत, असे तो म्हणतो, आणि नगरापेक्षा आप्ताला मोठा मानणाऱ्याची किंमत शून्य ठरवतो. हे भाषण मला आजही पटते. पुढे हुकूम मोडून भावाचे दफन करणाऱ्या अँटिगनीसाठी मुलगा हेमन त्याची समजूत घालू लागतो, तेव्हा मात्र तोच क्रेऑन विचारतो, ‘मी राज्य कसे करावे, हे नगराने मला सांगायचे?’ एकट्याचे असते ते नगरच नव्हे, असे हेमन म्हणताच नगर राज्यकर्त्याचेच मानले जाते, असे उत्तर येते. ज्याच्या सेवेची भाषा होती, ते नगर आता त्याच्या मालकीचे झाले आहे, आणि हा बदल त्याच्या स्वतःच्या ध्यानात आलेला नाही. नायकाची ‘नगर’विषयक सगळी वाक्ये वहीत क्रमाने उतरवून काढल्यावर मला हे दिसले, नुसत्या वाचनात ते निसटले होते.

अंध द्रष्टा टायरेसिअस याच्या भविष्यवाणीनंतर क्रेऑन नमतो. वृंद (कोरस) त्याला आधी गुहेत जिवंत कोंडलेल्या अँटिगनीला सोडवायला आणि मग प्रेतासाठी थडगे उभारायला सांगतो. तो नेमका उलट क्रम धरतो आणि गुहेपाशी पोहोचतो तेव्हा अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. टायरेसिअसचा रोष प्रेताच्या विटंबनेवर होता, असे म्हणून क्रेऑनची बाजू घेता येईल. तरीही मृताला न्याय देणे त्याला जमले, पण जिला आपण शिक्षा केली तिच्यासमोर उभे राहणे शेवटपर्यंत जड गेले, असे मला वाटते. मुलगा आणि पत्नी गमावल्यावर तो स्वतःला ‘कोणीही नसलेल्याहूनही उणा’ म्हणवतो; वहीतले शेवटचे वाक्य हेच असावे.

त्यानंतर सोफोक्लीजचेच ‘अजॅक्स’ हे, ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक वीरावरचे नाटक घ्यावे. देवांच्या मदतीवाचून कीर्ती मिळवीन, हे अजॅक्सचे बोल नाटकाच्या पुष्कळ आधीचे आहेत आणि ते आपल्याला दूताच्या तोंडून कळतात. म्हणून तेथे नायकाच्या वाक्यांइतकीच इतरांनी त्याच्याविषयी सांगितलेली वाक्येही उतरवून घ्यावी लागतात.