अभ्यासकाचा माग काढताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एम.ए.ची मुलं येतात आणि हमखास विचारतात, "बाई, एखाद्या समीक्षकाच्या संशोधनकार्यावर लिहायचं, तर सुरुवात कुठून करू?" सध्या एक मुलगी समीक्षक आणि भाषाअभ्यासक गणेश देवींवर काम करते आहे, म्हणून त्यांचंच उदाहरण घेते.

आधी ड्रॉइंगचा मोठा कागद घ्या. डाव्या कडेला वर्षं लिहा, पुढे तीन रकाने पाडा: नोकरी, लेखन, लेखनाची भाषा. देवींचा जन्म १९५०चा, भोरचा. १९८० ते १९९६ ते इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. १९९२मध्ये त्यांचं समीक्षेवरचं पुस्तक 'आफ्टर अ‍ॅम्नेशिया' आलं, १९९३मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९६मध्ये त्यांनी बडोद्यातच 'भाषा' संशोधन केंद्र काढलं आणि २०१०मध्ये भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण हाती घेतलं. एवढं मांडलं की १९९६ची ओळ डोळ्यांत भरते. पुरस्कार मिळून तीन वर्षं होतात न होतात तोच माणूस प्राध्यापकी सोडतो. का? उत्तर आधीच्या लेखनात शोधा. इंग्रजी अमलात आपल्या समीक्षेला देशी भाषांच्या मधल्या शतकांचा विसर पडला, हा त्या पुस्तकाचा गाभा. तो मनापासून मानणारा अभ्यासक पुढे आदिवासींच्या बोलींकडे वळला, यात मला एकच धागा दिसतो.

वर्षं मात्र पहिल्या आवृत्तीवरूनच घ्या. माझ्या प्रबंधात मी पुनर्मुद्रणाचं साल पहिलं समजून घातलं होतं. कोणी कोणाकडून घेतलं याचा क्रमच उलटा झाला आणि अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. प्रस्तावना आणि ऋणनिर्देशही वाचा. सोबत कोण होतं ते तिथे कळतं.

मग प्रभाव. लेखन कितीजणांनी उद्धृत केलं याचा गूगल स्कॉलरवरचा आकडा मुलं आणतात, पण मराठी-गुजराती छापील पुस्तकांतल्या तळटीपा तिथे फारशा पोचत नाहीत. देवींनी तर मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिलंय. शोधताना त्यांच्या आडनावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी 'आय' नाही, 'वाय' आहे, हेही ध्यानात ठेवा. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध पाहा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आणि हंसा मेहता ग्रंथालयात बसून तळटीपा कार्डांवर उतरवा. प्रत्येक कार्डावर खूण करा: नुसतं नाव घेतलंय, आधार घेतलाय की वाद घातलाय? वादाची कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. कोणी पानंच्या पानं खर्चून विरोध करतो, तेव्हा तो विचार टाळता आलेला नसतो. मी तर प्रकरणाची सुरुवात त्या गठ्ठ्यापासूनच करायला सांगते.

काही प्रभाव नावाशिवाय वावरतो. इंग्रजी लेखात भारतीय भाषांतल्या साहित्याला 'भाषा साहित्य' म्हटलेलं दिसलं, की देवींचं नाव नसलं तरी थांबा आणि लेखकाने तो शब्द कुठून घेतला ते तपासा.

संपादकांच्या बाबतीत तर हे फारच होतं. अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताचं नाट्यशास्त्र बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत चार खंडांत निघालं: १९२६, १९३४, १९५४ आणि १९६४. ते संपादनाचं काम एम. रामकृष्ण कवींनी सुरू केलं. रसचर्चा करणारे भरताचं नाव घेतात, अभिनवगुप्ताचं घेतात, कवींचं क्वचितच. त्यांच्या तळटीपेत दिलेला खंड आणि पानाचा आकडा बडोद्याच्या या प्रतीशी ताडून पाहा. जुळला, तर कवींच्या नावाचं एक कार्ड करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला यात फार समाधान मिळालंय.

शेवटी कागदाला चौथा रकाना जोडा: त्यांनी उभ्या केलेल्या संस्था. देवींसाठी तेजगढची आदिवासी अकादमी बघायलाच हवी. एक दिवस राखून ठेवा. २०१३पर्यंत तेजगढ वडोदरा जिल्ह्यात होतं, आता छोटा उदेपूरमध्ये आहे. जुन्या संदर्भात जिल्हा वेगळा दिसला तर तो चुकीचा समजून खोडू नका, शेजारी साल लिहून ठेवा.