कॅरिओगॅमी कळत नसेल तर बाजारातून मशरूम आणा

एसवायला, म्हणजे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, बॉटनी घेतलेल्यांसाठी आणि नेटची (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची) तयारी नुकतीच सुरू केलेल्यांसाठी लिहितेय. कॅरिओगॅमी म्हणजे दोन केंद्रकं एक होणं, ही व्याख्या मला अकरावीपासून पाठ होती, पण बुरशीचा पेपर आला आणि सगळा गोंधळ उडाला, कारण पेशी एकत्र आल्या की केंद्रकंही लगेच एक होतात असंच मी धरून चालले होते.

अळंबीत (मशरूममध्ये) तसं होत नाही. बुरशीचे दोन तंतू जुळतात, पेशीद्रव्य एक होतं, ती प्लाझमोगॅमी. केंद्रकं मात्र एकाच पेशीत शेजारी शेजारी वेगळीच राहतात, वाढतानाही वेगळीच, अगदी छत्री उगवली तरी. ती एक होतात फक्त छत्रीखालच्या गिल्सवरच्या (पातळ पट्ट्यांवरच्या) बेसिडियममध्ये, म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या पेशीत, आणि झाली की लगेच मायोसिस, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन. त्यामुळे २एन अवस्था (एकाच केंद्रकात गुणसूत्रांचे दोन संच) अगदी थोडा वेळ असते आणि छत्रीचं बाकी अंग एन+एन (एकेक संच असलेली दोन वेगळी केंद्रकं), २एन नाही. ऑब्जेक्टिव्ह प्रश्नांत मार्क इथेच जातात.

आता प्रॅक्टिकलचं सांगते. आमच्या जर्नलमध्ये मी पुस्तकातलं बघून बेसिडियमवर चार बीजाणू काढले होते. मॅडमनी वही परत दिली आणि म्हणाल्या, आधी मोज मग काढ. बटण मशरूमच्या गिलचा पातळ काप घेतला, कॉटन ब्लू हा निळा रंग घातला, ४० च्या लेन्सखाली बघितलं तर जवळजवळ प्रत्येक बेसिडियमवर दोनच! नावच अगॅरिकस बायस्पोरस आहे, म्हणजे दोन बीजाणूवाला. मायोसिसनंतरची चार केंद्रकं दोन-दोन करून एकेका बीजाणूत जातात, म्हणून बहुतेक वेळा एकटा बीजाणू रुजला तरी पुढे छत्री येऊ शकते. हे बघितल्यावर मी त्या दिवशी लॅबमधून उठायलाच तयार नव्हते.

काप घ्यायला पांढरंशुभ्र बंद बटण घेऊ नका, छत्री उघडलेलं, गिल्स चॉकलेटी झालेलं घ्या. कॉटन ब्लूमध्ये केंद्रकं नीट दिसत नाहीत, तेव्हा न दिसलेली काढू नका, ओरलला पकडतात.

तांबेरा या गव्हावरच्या बुरशीजन्य रोगातही हाच धागा पकडा. गव्हाच्या पानावरची नारिंगी पूड म्हणजे युरेडोस्पोर नावाचे बीजाणू, ते एन+एन, आणि हंगामाच्या शेवटी येणारे काळपट बीजाणू म्हणजे टेलिओस्पोर, कॅरिओगॅमी त्यांच्यात होते. पक्सिनियाचं (तांबेरा आणणाऱ्या बुरशीचं) जीवनचक्र पाठ करायला बसलात तर पाच प्रकारचे बीजाणू डोक्यात राहत नाहीत, मी प्रत्येकासमोर फक्त केंद्रकांचे ठिपके काढत गेले, एक, दोन, किंवा दोन मिळून एक मोठा, आणि दोन संध्याकाळीत बसलं.